प्रयोगशाळेतल्या कंडरेला रोजचा ताण मिळतो, कामगाराच्या बोटाला का नाही?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या कंडरेविषयी, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीविषयी, छोटा मजकूर आला होता. ते कात्रण घेऊन पंधरा दिवसांत माझ्याकडे तिघं आले. एकाने तर ते मोबाइलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलं होतं. तिघांचा प्रश्न एकच, “मॅडम, ही नवी नस आपल्याकडे कधी मिळणार?” बाहेर बाकावर माणसं बसलेली, त्यामुळे तिघांनाही मी अर्धवटच उत्तर दिलं. उरलेलं उत्तर इथे लिहिते आहे. जरा लांबेल, पण जमेल तितकं छापावं ही विनंती.

मी हाताची फिजिओथेरपी करते. राहायला ऐरोलीत, कामाची जागा कोपरखैरण्यात, गेली एकोणीस वर्षं. रबाळे, महापे, पावणे इथल्या कारखान्यांत पत्र्याने, प्रेसने, कटरने कापलेली बोटं माझ्याकडे येतात. तुर्भ्याच्या मार्केटमधले खांदे येतात. शहाळं सोलताना कोयता निसटलेले हात येतात, आणि जानेवारी लागला की मांजाने कापलेले. माझे वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. त्यामुळे खांद्याच्या दुखण्याशी माझी ओळख कॉलेजात जायच्या आधीपासूनची आहे.

आधी ‘नस’ या शब्दाबद्दल. आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, मज्जातंतूला नस म्हणतो आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीलाही नस किंवा शीर म्हणतो. शाळेच्या पुस्तकात या दोरीचं नाव स्नायुरज्जू, वैद्यकाच्या पुस्तकात कंडरा, डॉक्टरांच्या तोंडी टेंडन. माझी आजी टाचेमागच्या जाड दोरीला धोंडशीर म्हणायची. तेवढा एक शब्द नेमका होता. बाकी सगळ्याला नस म्हटल्यामुळे होतं काय, की बोट कापल्यावर रक्त थांबलं की घरचे म्हणतात, “नस वाचली.” रक्त थांबण्याचा आणि कंडरा शाबूत असण्याचा काहीएक संबंध नाही. रक्त पाच मिनिटांत थांबतं आणि कंडरा आत तुटून मागे सरकलेली असते.

वाचकांनी हे वाचता वाचता एक करून पाहावं. कोपर टेबलावर टेकवा, पंजा ढिला सोडा आणि मनगट मागे वाकवा. बोटं आपोआप अर्धी मिटतात. आता मनगट पुढे पाडा, बोटं उघडतात. आपण बोटांना काही सांगितलेलं नसतं. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून निघालेल्या दोऱ्या मनगटातून, तळहातातून थेट बोटाच्या टोकापर्यंत जातात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला अशा दोन दोऱ्या. बोटाच्या मुळाशी वरची दोरी दुभंगते आणि खालची तिच्या फटीतून पुढे निघते. दोन्ही मिळून हाडाला चिकटलेल्या छोट्या कड्यांमधून सरकतात, बैलाच्या वेसणीइतक्या अंगासरशी. इथे एक मिलिमीटरही जागा फुकट नाही. हात शिवणारे सर्जन पूर्वी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हणत. इथे तुटलेली कंडरा लगेच शिवू नये, शिवली तर चिकटून बसते, असाच तेव्हा सल्ला असे. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅरल्ड क्लायनर्ट यांनी शिवून आणि रबरबँडच्या ओढीवर लगेच हालचाल सुरू करून दाखवली, तेव्हापासून तो सल्ला बदलला. मुद्दा लक्षात ठेवावा: टाका जुनाच होता, नवी होती ती हालचाल.

आता रबाळ्याच्या एका मुलाची गोष्ट सांगते. वय तेवीस, ठेकेदाराकडे कामाला. पत्र्याची कड अनामिकेत घुसली. जवळच्या दवाखान्यात चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. बोट मिटत नाही म्हणाला, तर सूज आहे, उतरेल, असं सांगितलं. टाके निघाले, जखम भरली, तो कामावर गेला. साडेतीन आठवड्यांनी कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं, ‘बोट आखडलंय, जरा मोकळं करून द्या’ म्हणून. मी बोटाचं मधलं पेर दोन बोटांत घट्ट धरलं आणि त्याला म्हटलं, फक्त टोक वाकव. त्याने दात आवळले, कोपराखालचा स्नायू टम्म फुगलेला मला दिसत होता, आणि बोटाचं टोक जागचं हललं नाही. मग मधल्या पेराचीही तीच परीक्षा केली. दोन्ही दोऱ्या गेलेल्या. तळहातावरून अंगठा फिरवला तर मध्ये एक छोटी गाठ लागत होती. ते तुटलेलं टोक, मागे ओढलं जाऊन तिथे बसलेलं. ही परीक्षा करायला अर्धा मिनिट लागतो आणि कुठलंही यंत्र लागत नाही. पहिल्या दिवशी ती झाली असती तर त्याच आठवड्यात कंडरा शिवता आली असती.

साडेतीन आठवड्यांनंतर ते जमण्यासारखं नव्हतं. स्नायू आखडला होता, वाट बुजली होती. मग सर्जननी दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया केली. पहिल्या वेळी बुजलेली वाट मोकळी करून तिच्यात सिलिकॉनची बारीक कांडी घातली. ती तीन महिने तशीच ठेवायची. शरीर तिच्याभोवती गुळगुळीत नळी तयार करतं. दुसऱ्या वेळी कांडी काढायची आणि त्या नळीतून त्याच माणसाच्या मनगटाजवळची एक बारीक कंडरा, जिच्यावाचून फारसं अडत नाही, ओवून दोन्हीकडे शिवायची. १९७१ साली जेम्स हंटर यांनी ही पद्धत नीट मांडली आणि आजही तीच वापरतात. म्हणजे एका अर्थाने कृत्रिम कंडरा पन्नास वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे आहेच, फक्त ती ओढत नाही, वाट करून देते. उसनी घ्यायची कंडरा काही जणांच्या हातात जन्मतःच नसते. मग पायातली घ्यावी लागते. चार बोटं एकदम गेली असतील तर उसनवारी पुरत नाही.

उसनवारीची ही परंपरा आपल्या देशात थोर आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर निरोगी स्नायूंच्या कंडरा वळवायला सुरुवात केली आणि ज्यांच्या हाताला लोक शिवत नव्हते त्यांना त्या हाताने जेवता येऊ लागलं. मी शिकत असताना हे वाचलं आणि हाताचंच काम करायचं ठरवलं.

पण उसनं ते उसनंच. म्हणून प्रयोगशाळेत नवी कंडरा विणता यावी यासाठी जगभर खटपट चालली आहे आणि ती व्हायलाच हवी. ती अवघड का आहे हे मला माझ्या वडिलांमुळे चांगलं कळतं. ते सुतळीचं टोक चिमटीत फिरवून सांगायचे, किती पेड, पीळ कसा. कंडराही पेडांचीच असते. तिच्यातलं मुख्य प्रथिन कोलॅजेन. तीन साखळ्यांचा एक पीळ, असे पीळ शेजारी शेजारी लागून धागा, धाग्यांची जुडी, जुड्यांचा दोर. हा तीन पेडांचा पीळ आपल्या माणसांनी उकलला. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये त्याची रचना मांडली. त्यासाठी वापरलेले क्ष-किरणांचे उत्तम नमुने कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेपासून मिळाले होते. आपल्या शालेय पुस्तकांत ही गोष्ट ठळक यायला हवी, असं मला नेहमी वाटतं.

हा दोर किती बळकट? एक चौरस सेंटिमीटर जाडीची निरोगी कंडरा साधारण अर्धा ते एक टन ओढ सोसते. वडिलांना मी ते त्यांच्या मापात सांगितलं होतं, पन्नास किलोची दहा ते वीस पोती एका दोराला. ते बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे पाहत बसले होते.

नुसती बळकटी हवी असती तर काम केव्हाच झालं असतं. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत कार्बनच्या धाग्यांचे, पॉलिस्टरचे, टेफ्लॉनसारख्या द्रव्याचे दोर करून माणसांच्या गुडघ्यांत घालून पाहिले. पहिल्या दिवशी ते शरीराच्या दोरापेक्षा मजबूत होते. पुढे झिजले. त्यांचा चुरा सांध्यात पसरून सूज यायची. निर्जीव दोराला झीज भरून काढता येत नाही. जिवंत कंडरेत पेशी थोड्या असतात, रक्तपुरवठाही बेताचा असतो, पण त्या थोड्या पेशी आयुष्यभर डागडुजी करत राहतात. शिवाय कंडरेचे धागे ताठ नसतात, बारीक लाटांसारखे असतात. पहिली थोडी ओढ त्या लाटा सरळ होण्यात जिरते, म्हणून झटका हाडापर्यंत थेट पोचत नाही. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे कंडरा हाडाला जिथे मिळते ती. तिथे मऊ दोर, मग कूर्चा, मग चुना भरलेली कूर्चा, मग हाड असा बदल जेमतेम एक मिलिमीटरच्या आत होतो. रबर आणि लोखंड नुसतं चिकटवलं तर सांध्यावरच सुटतं. शरीराने ते अशा पायऱ्यांनी सांधलं आहे, आणि एकदा तुटल्यावर आपलं शरीरही त्या पायऱ्या पुन्हा तशा बांधत नाही. तिथे व्रण भरतो.

माझ्या वडिलांचा उजवा खांदा याच जागी तुटला. तीस-बत्तीस वर्षं पोती उचलल्यावर एके दिवशी ट्रकच्या फाळक्याशी हात वर गेला आणि आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. त्यानंतर हात खांद्याच्या वर जाईना. घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवायची ही त्यांची सवय. त्या दिवसापासून ते डाव्या हाताने उजवं कोपर उचलून, हात भिंतीवरून सरकवत खुंटीपर्यंत न्यायचे. शस्त्रक्रिया झाली, कंडरा हाडाला नीट शिवली. वर्षाने सोनोग्राफी केली तर पुन्हा सुटलेली. मला वाटलं आमचंच काहीतरी चुकलं. नंतर वाचलं, की २००४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी खांद्याच्या मोठ्या फाटण्यावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केलेले १८ रुग्ण तपासले, तर १७ जणांची कंडरा पुन्हा सुटलेली होती, जरी बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं. वडिलांचंही दुखणं गेलं होतं. टोपी मात्र शेवटपर्यंत डाव्या हातानेच. म्हणून खांद्याच्या हाडापाशी पायऱ्यांनी मिळणारी कंडरा कुणी तयार केली, तर ती मार्केटमधल्या माणसांसाठी किती मोठी गोष्ट असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आता त्या कात्रणाकडे येते. नवी कंडरा कशी वाढवतात? आधी धाग्यांचा सांगाडा लागतो. तो कोलॅजेनचा, रेशमाचा किंवा शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकचा असतो. विजेच्या दाबाने केसापेक्षा कितीतरी बारीक धागे ओढून ते एका दिशेने अंथरतात. काही जण दान मिळालेल्या कंडरेतल्या पेशी धुऊन काढून नुसता सांगाडा वापरतात. त्यावर पेशी पेरतात, कंडरेतल्याच किंवा मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात त्या ‘स्टेम सेल’. पेशींना वाढीचे संदेश देणारी द्रव्यं घालतात. इथवर मजकुरात आलं होतं. त्यापुढचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, एका ओळीत आटोपलं होतं: या पेशी नुसत्या ठेवून कंडरा होत नाही. त्यांना ताण द्यावा लागतो. सांगाडा दोन्ही टोकांना चिमट्यात धरून यंत्राने तो ठरलेल्या मापाने ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा, आणि मध्ये विश्रांती. हे दिवसेंदिवस. ओढ मिळाली की पेशी ओढीच्या दिशेने लांब होतात आणि त्याच दिशेने कोलॅजेन विणतात. ओढ नसेल तर पेशी गोंधळतात, धागे वेडेवाकडे पडतात, कधी पेशी वेगळंच काही बनू लागतात. ओढ जास्त झाली तर विणलेलं फाटतं. २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तर माणसासारख्या यंत्रमानवाच्या खांद्यावर पेशी पेरलेल्या सांगाड्याची पेटी बसवली आणि खांदा फिरवून पेशींना तशीच ओढ दिली, कारण एका सरळ रेषेतली ओढ माणसाच्या खांद्यासारखी नसते.

ऑक्सफर्डचं हे काम मी वाचलं तेव्हा माझ्यासमोर रबाळ्याच्या मुलाचा हात होता. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचा पाचवा दिवस. त्याच्यासाठी मी स्प्लिंट करत होते. गरम पाण्यात पांढरी शीट टाकली की ती मिनिटाभरात काचेसारखी आरपार दिसू लागते. ती हाताच्या पाठीवर घालायची, मनगट आणि बोटांचे सांधे ठरलेल्या कोनात धरायचे आणि ती पुन्हा पांढरी होऊन कडक होईपर्यंत आपला हात हलू द्यायचा नाही. मग शिकवायचं: जाग्या असलेल्या प्रत्येक तासाला, दुसऱ्या हाताने बोट तळहाताकडे मिटव, दहा वेळा. उघडताना स्प्लिंटपर्यंतच. स्वतःच्या जोरावर घट्ट मूठ वळायची नाही. शिवलेल्या कंडरेचा सांधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घट्ट होण्याआधी उलट मऊ पडतो, तेव्हा एक बादली उचलली तरी तो सुटू शकतो. आणि भीतीने बोट हलवलंच नाही तर तीन-चार आठवड्यांत कंडरा आजूबाजूला चिकटून बसते. रोज काही मिलिमीटर सरकली तर वाट मोकळी राहते. सहा आठवड्यांनी स्प्लिंट निघतो, आठव्या आठवड्यापासून हलकी पकड, बारा आठवड्यांच्या आत जड काम नाही.

त्या यंत्राच्या पेटीत जे चाललेलं असतं, तेच हे. मापून दिलेली ओढ, रोज, ठरल्या वेळी, ठरल्या दिवसांपर्यंत. संशोधक त्या इवल्या तुकड्यासाठी जे काटेकोर करतात ते माणसाच्या बोटात आज, या क्षणी करता येतं. पेशी आहेत, सांगाडा आहे, रक्त आहे. फक्त ओढ देणारं कुणी हवं आणि ती घ्यायला माणसाला वेळ हवा. आणि तिथेच आपलं सगळं बिनसतं.

तो मुलगा अकराव्या दिवशी कामावर गेला. त्याने मला सांगितलं नाही. बाराव्या दिवशी आला तेव्हा स्प्लिंटच्या पट्टीत लोखंडाचा कीस अडकलेला होता. मी विचारलं तर मान खाली घातली. खोलीचं भाडं दोन महिन्यांचं थकलेलं, ठेकेदार म्हणाला नुसतं उभं राहून मोजणी कर. मोजणी करता करता एका हाताने ट्रे धरावाच लागतो. त्याचं बोट सुटलं नाही हे नशीब, पण चिकटलं. आज त्याचं टोक तळहातापासून अडीच सेंटिमीटरवर थांबतं. तो हातोडा धरू शकतो, नाणं उचलू शकत नाही.

कायद्याने त्याला काय मिळायला हवं होतं? राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल तर कामावर झालेल्या इजेसाठी, काम करता येत नाही तोवर, वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. बारा आठवड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो. पण त्याचं नाव ठेकेदाराने नोंदलंच नव्हतं. अपघाताची नोंदही झाली नव्हती, कारण दवाखान्याच्या कागदावर ‘घरी कापलं’ असं लिहून घेतलं होतं. असा कागद मी या एकोणीस वर्षांत किती वेळा पाहिला, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. ज्यांची नावं आहेत त्यांनाही शिवल्यावर आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीचा नंबर लागतो आणि त्यासाठी दिघ्याहून किंवा कळव्याहून दोन वाहनं बदलून यायचं. सर्जननी दोन तास सूक्ष्मदर्शकाखाली बसून केलेलं काम बसच्या रांगेत वाया जातं. माझी तक्रार कुठल्या एका इस्पितळाविरुद्ध नाही. शस्त्रक्रियेला पैसे आहेत, त्यानंतरच्या बारा आठवड्यांना कुठल्याच रकान्यात जागा नाही, ही माझी तक्रार आहे.

या पोकळीत दुसरेच लोक शिरतात. कात्रण घेऊन आलेल्यांपैकी एका गृहस्थांनी ठाण्यातल्या एका ठिकाणी खांद्यात ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ घेतलं होतं. त्यांना सांगितलं होतं, आत नवी कंडरा तयार होईल. पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. कागदावर नेमकं काय टोचलं ते लिहिलेलं नव्हतं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, हे लक्षात ठेवा: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा नेहमीचा उपचार म्हणून वापर फक्त रक्ताच्या ठरावीक आजारांत मान्य आहे. बाकी सगळं रीतसर मंजूर चाचणीतच व्हायला हवं, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे पैसे मागितले तर ती चाचणी नाही. स्वतःचंच रक्त फिरवून त्यातला भाग टोचतात त्याला पीआरपी म्हणतात, त्यात मूलपेशी नसतात. त्याचीही एक मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. टाचेमागच्या कंडरेच्या जुन्या दुखण्याच्या २४० रुग्णांत निम्म्यांना ते आणि निम्म्यांना खोटं इंजेक्शन दिलं. २०२१ मध्ये निकाल आला, दोन्हींत फरक पडला नव्हता. इतर जागांबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, पण नवी कंडरा उगवण्याचं वचन कुणीही देऊ नये.

मग प्रयोगशाळेतली कंडरा कधी? जिवंत पेशींनी विणलेली कंडरा आज जगात कुठेही नेहमीच्या उपचारात नाही. उंदीर, ससे, मेंढ्यांवर बरंच काम झालं आहे, माणसापर्यंतची वाट बाकी आहे. पण हे आपल्याकडे होणारच नाही, असं मी कुणाला म्हणू देत नाही. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी बाहेर काढून, बदलून, वाढवून परत देण्याचा रक्ताच्या कर्करोगावरचा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी मिळून उभा केला. त्याच्या चाचण्यांशी आपल्या खारघरच्या केंद्राचं नाव जोडलेलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला, परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने माझे रुग्ण जातात त्याच मार्गावर हे घडलं. रेशमाच्या सांगाड्यांवर गुवाहाटीच्या आयआयटीत काम चालतं, कोलॅजेनची जाण चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेत आहे, पेशींची पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. या मंडळींना पैसा मिळावा आणि त्यांनी नवी कंडरा कुणासाठी हे ठरवताना परदेशातल्या खेळाडूच्या गुडघ्याइतकाच पोतं उचलणाऱ्या खांद्याचा आणि पत्र्याने कापलेल्या अनामिकेचा विचार करावा.

आणि उद्या ती कंडरा आली, तरी ती बसवल्यावर हेच बारा आठवडे लागणार आहेत. तोच स्प्लिंट, तासाला दहा वेळा, तीच रजा. पेटीतून बाहेर आलेल्या कंडरेला शरीरातही ओढ हवीच. तेव्हा ही सोय करायला नव्या शोधाची वाट पाहायचं कारण नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या महापालिकेच्या आणि विमा योजनेच्या प्रत्येक मोठ्या इस्पितळात हाताची फिजिओथेरपी रोज सुरू असावी, संध्याकाळीही. शस्त्रक्रियेच्या मंजुरीतच बारा आठवड्यांची थेरपी, स्प्लिंट आणि प्रवासाचे पैसे धरावेत. कापलेलं बोट घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरवर ‘टोक वाकतं का, मधलं पेर वाकतं का, स्पर्श कळतो का’ हे तीन प्रश्न छापलेले असावेत, म्हणजे ते विसरणं अशक्य होईल. आणि ‘घरी कापलं’ असं लिहिण्याआधी डॉक्टरने रुग्णाला एकट्याला विचारावं.

संपादक महाराज, आपल्याकडे एक मागणं आहे. संक्रांत तोंडावर आली आहे. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर वर्षी घोडबंदर रोडवरून आणि पामबीचवरून दुचाकीवर जाणारी माणसं माझ्याकडे येतातच. मांजा गळ्याशी आला की माणूस हाताने तो धरतो आणि बोटं कापली जातात. त्या आठवड्यात पहिल्या पानावर एक छोटा चौकोन द्यावा. मजकूर असा:

‘बोट किंवा तळहात कापला, तर स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा. मग बोटाचं मधलं पेर धरून टोक वाकतं का पाहा, आणि बाकीची बोटं सरळ धरून तेच बोट मधून वाकतं का पाहा. टोकाला स्पर्श कळतो का पाहा. यातली एक जरी गोष्ट होत नसेल, तर जखम कितीही लहान दिसली तरी फक्त कातडी शिवून घेऊ नका. त्याच दिवशी हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा.’

हाच मजकूर हिंदीतही लिहून देते, कारण कारखान्यांतल्या कितीतरी मुलांना मराठी वाचता येत नाही. आपण छापल्यावर त्याच्या प्रती काढून रबाळे आणि महापे इथल्या चहाच्या टपऱ्यांवर लावायचं माझ्या दोन जुन्या रुग्णांनी कबूल केलं आहे. त्यातला एक तो अनामिकेवाला मुलगा आहे.

आपली विश्वासू,
हाताची फिजिओथेरपी करणारी एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई
(रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये.)